सहा तुकड्यांचा शब्द

भाड्याने आणलेला काळा कोट काखेत काचत होता आणि त्याची दोन शेपटं मागे लोंबत होती. मी होर्न या डच गावाच्या शनिवारच्या बाजारात चीज विकतो. असला कोट मी आमच्या वडिलांच्या मयतालाही घातला नव्हता. पण माझी धाकटी बहीण रूलीन गणितात डॉक्टर होणार होती, आणि आमच्याकडे प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला डॉक्टर होणाऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन पाठराखे उभे करतात. नवरीबरोबर पाठराखीण धाडतात ना, तसलाच प्रकार. एक तिची मैत्रीण नोर्चे. दुसरा मी, सीब्रंड कोमन, शाळेत गणितात गटांगळ्या खाऊन बाहेर पडलेला.

"तिला कुणी शिकलेला माणूस मिळाला नाही का?" माझा पांढरा बो-टाय सरळ करता करता आईने विचारलं.

"शिकलेले सगळे समोर बसणार आहेत, प्रश्न विचारायला. बाजूला एखादं आपलं माणूस नको?"

"मग तोंड मिटून आपलं माणूस हो," आई म्हणाली.

सगळी गोम त्या तोंड मिटण्यातच होती. रूलीन बोलताना अडते. अगदी लहानपणापासून. वाक्य सुरळीत चाललेलं असतं आणि मधेच एखाद्या अक्षरापाशी तिचे ओठ घट्ट मिटतात, मान ताठ होते, डोळे कुठेतरी बाजूला वळतात, आणि शब्द काही केल्या बाहेर येत नाही. असं झालं की आमच्या घरात ज्याला आधी सुचेल त्याने शब्द पुरवायचा, जेवताना मीठ पुढे सरकवावं तसा. आई पुरवायची, वडील पुरवायचे, आणि मी तर त्यात पटाईत. बाजारात ओरडून ओरडून माझी जीभ अशी सुटलेली आहे की समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी मीच संपवतो. गिऱ्हाइकांना ते आवडतं. निदान मला तसं वाटतं.

रूलीन आमच्याहून हुशार. तिने वळसे घालायला सुरुवात केली. 'मंगळवार' अडतोय असं जाणवलं की ती 'सोमवारनंतरचा दिवस' म्हणायची. 'दूध' अडलं तर 'गाईचं पांढरं'. लोकांना वाटायचं, पोरगी किती गमतीदार बोलते! मावशी तर तिची वाक्यं दुसऱ्यांना सांगत फिरायची. प्रत्येक वाक्याच्या आत ती पोर केवढी धावाधाव करते, ते मात्र कुणाला दिसत नव्हतं.

पुढे ती विद्यापीठात गेली, तिथे सगळं इंग्रजीत. इंग्रजीत ती जवळजवळ अडतच नाही. का ते मला विचारू नका. ती म्हणायची, ती भाषा उसनी आहे, म्हणून तिच्यात जीव घाबरत नाही. व्याख्यानं इंग्रजीत, लेख इंग्रजीत, परदेशातल्या परिषदाही इंग्रजीत. त्यामुळे तिच्या हाताखालच्या मुलांना आपल्या बाईंना बोलायला त्रास होतो हे ठाऊकही नव्हतं.

तिचा प्रबंध एका नियमावर होता. तो नियम तिने मला माझ्याच ठेल्यावर समजावून सांगितला होता. तीन ठिकाणं घ्या. पहिल्यावरून दुसऱ्याकडे थेट गेलं तर ते अंतर तिसऱ्यावरून वळसा घालून जाण्यापेक्षा जास्त कधीच भरत नाही.

"हे तर शेजारच्या मासेवाल्याच्या कुत्र्यालाही कळतं," मी म्हटलं. "मासा दिसला की तो काही देवळाला वळसा घालून येत नाही."

"कुत्र्याला क-कळतं ते रस्त्यावर," ती हसत म्हणाली. "जिथे रस्तेच नाहीत अशा जागा असतात गणितात. तिथे हे खरं आहे का, ते दाखवावं लागतं."

ते दाखवण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. आणि त्या नियमाचं आमच्या भाषेतलं नाव असं: ड्रीहूक्सऑन्खलेइकहेइट. त्रिकोणाची असमानता, पण तोडून नव्हे, सलग एका शब्दात. आमच्या लोकांना शब्द जोडायची भारी हौस. मालगाडीला डबे जोडत जावं तसं जोडत जातात, मग ज्याला ओढायचं त्याने ओढावं.

वसंतात एका शनिवारी ती ठेल्यावर आली आणि म्हणाली, "परीक्षा डचमधून देणार. लिहून दिलंय मी."

"वेडी आहेस का? सगळे इंग्रजीतून देतात."

"आई येणार. मावशी येणार. तू शेजारी उभा राहणार. इंग्रजीतून दिली तर तुम्हाला काय क-कळणार?"

"आणि डचमधून दिलीस तर आम्हाला फार कळणार आहे!"

"तेव्हा तुम्हाला ग-गणित कळणार नाही," ती म्हणाली. "इंग्रजीतून दिली तर तुम्हाला मीच कळणार नाही."

मी चीजवरची धूळ पुसत बसलो. चीजवर धूळ नव्हती.

"तुझ्या मार्गदर्शक बाईंचं, त्या प्राध्यापिका ओडिंगांचं काय म्हणणं?" मी विचारलं. माझीच शंका दुसऱ्याच्या नावावर विचारली, म्हणजे तिला राग येणार नाही.

"बाई म्हणतात, उगाच अ-अग्निपरीक्षा कशाला? मी म्हटलं, परीक्षाच आहे ती." मग माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, "मला तो शब्द म्हणायचाय, सीब. सगळ्यांसमोर. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर छापलाय आणि माझ्या तोंडून तो आजवर एकदाही माणसांत निघालेला नाही. आणि ऐक. मी अडले तर तू तोंड उघडायचं नाहीस."

"आणि तिथे उभ्या उभ्या तुझा श्वास अडकला तर?"

"तर अडकू दे."

"आणि तू निळी पडलीस तर?"

"तर मला न-निळी डॉक्टर म्हणा. शपथ घे."

घेतली शपथ. एका हातात चीज कापायची तार होती, दुसरा हात वर केला.

मग तालीम सुरू झाली. आमच्या शाळांत लहान पोरांना वाचायला शिकवतात ते 'तोडा आणि जोडा' करून. शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्यायची, मग सगळे परत चिकटवायचे. शनिवारी गर्दी ओसरली की रूलीन ठेल्यामागे यायची. मी तारेने चीज कापायचो आणि प्रत्येक कापाला ती एक तुकडा म्हणायची. ड्री. हूक्स. ऑन. ख. लेइक. हेइट.

प्रत्येक तुकड्याची खोड वेगळी होती. 'ड्री'ला जीभ दातांमागे जाऊन चिकटायची ती सुटायचीच नाही. 'हूक्स' नुसत्या श्वासाचा, तो बिचारा गरीब. 'ऑन'ला सुरुवातीला धरायला काही नाही, त्यामुळे घसाच बंद व्हायचा. 'ख' मात्र तिचा पक्का. तो घसा खरवडून काढायचा असतो आणि आम्ही उत्तरेकडची माणसं तो जन्मतःच घेऊन येतो. 'लेइक'वर जोर द्यायचा. आमच्या कितीतरी शब्दांच्या शेवटी हाच तुकडा येतो आणि आम्ही तो गिळून टाकतो, पण इथे गिळायचा नाही, तोंड भरून म्हणायचा. 'हेइट' आला की गड सर झाला.

एकदा अशीच तालीम चालू असताना ब्राऊनकाकू समोर येऊन उभ्या राहिल्या. सहा काप झाले, सहा तुकडे झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"अर्धा किलो जुनं चीज दे रे," काकू म्हणाल्या, "आणि गणित नको घालूस त्यात."

आम्ही असे हसलो की तार हातातून पडली. आणि त्या हसण्यात रूलीनच्या तोंडून तो शब्द आख्खाच्या आख्खा सटकला, कुठेही न अडता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तिने लगेच पुन्हा म्हणून पाहिला. 'ड्री'वरच जीभ चिकटली.

शरदात परीक्षेचा दिवस उगवला. विद्यापीठाचं जुनं सभागृह, भिंतींवर मेलेल्या प्राध्यापकांची चित्रं, आणि त्यांच्याखाली जिवंत प्राध्यापकांसाठी खुर्च्या. तिथल्या सगळ्या सोहळ्याच्या मालकीण म्हणजे वीरस्माबाई. काळा झगा, हातात त्यांच्याहून उंच काठी, काठीच्या टोकाला चांदीच्या घंटा. त्यांनी आम्हाला बाजूच्या खोलीत उभं करून धडा दिला.

"पाऊण तास प्रश्न चालतील. पाऊण तास झाला की मी आत येईन, काठी आपटेन आणि 'होरा एस्ट' म्हणेन. वेळ झाली, असा अर्थ. त्या क्षणी परीक्षा संपली. अर्ध्या वाक्यात असलात तरी तिथेच थांबायची मुभा आहे. पुष्कळांना मी तेव्हा देवदूतासारखी दिसते." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही पाठराखे ना? या कार्डावर प्रबंधाचे मुख्य सिद्धांत छापले आहेत. कुणी प्राध्यापकांनी एखादा सिद्धांत वाचायला सांगितला, तर तो पाठराख्याने मोठ्याने वाचायचा. एरवी खांबासारखं उभं राहायचं. जमेल?"

"खांब होणं जमेल," मी म्हटलं. कार्डावर नजर टाकली. पहिल्याच सिद्धांताचा पहिलाच शब्द तो होता.

आम्ही आत गेलो. पहिल्या रांगेत आई, मांडीवर पर्स घट्ट धरून. शेजारी मावशी. मागे बाजारातली मंडळी, मासेवाला सुद्धा आलेला, धुतलेल्या शर्टात. समोर अर्धवर्तुळात काळे झगे आणि काळ्या टोप्या. मधोमध कुलगुरू, त्यांच्या डाव्या हाताला ओडिंगाबाई.

पहिले प्रश्न झकास गेले. प्रत्येक उत्तराच्या आधी 'अतिविद्वान आक्षेपक महोदय' असं म्हणावं लागतं. ते सगळं पाठ असल्यामुळे गुळगुळीत निघत होतं. पुढे कुठे कुठे ती अडली, पण लगेच सावरली. मावशी दर उत्तराला मान डोलवत होती, जणू तिनेच शिकवलं होतं सगळं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती वळसे घालतेय. 'तो नियम.' 'वर सांगितलेली अट.' 'तिसरा गुणधर्म.' नाव नाही. एकदाही नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, असंच निभावलं तर डॉक्टर तर होणारच, शब्द गेला खड्ड्यात.

शेवटचे आक्षेपक प्राध्यापक लेमेन्स. दक्षिणेचे, अगदी पार टोकाचे. तिकडचे लोक तो 'ख' घशातून खरवडत नाहीत, हळूच फुंकर मारल्यासारखा म्हणतात.

"हा माणूस प्रश्न विचारतोय की माफी मागतोय?" त्यांचं पहिलंच वाक्य ऐकून आई मावशीला म्हणाली. आईची कुजबूज गल्लीच्या टोकाला ऐकू जाते.

लेमेन्सांनी ऐकलं असावं, पण चेहरा हलला नाही. "उमेदवारांनी आतापर्यंत 'तो नियम' आणि 'ती अट' असं म्हटलं," ते सावकाश म्हणाले. "त्याला आपल्या भाषेत एक नाव आहे. मोठं देखणं नाव. माझा आक्षेप पहिल्या सिद्धांतावर आहे. तो आधी वाचला जावा."

कुलगुरू माझ्याकडे वळले. "पाठराख्यांनी सिद्धांत पहिला वाचावा."

शब्द माझ्या जिभेवर तयार होता. सहाही तुकडे मला झोपेत येत होते. आणि आता तर मी वाचणं हा नियमच होता! शपथही मोडणार नव्हती, कारण त्या शब्दावर ती अजून अडलेलीच नव्हती. सगळ्यांची सुटका होणार होती. मी कार्ड वर धरलं, तोंड उघडलं, आणि माझ्या भाड्याच्या बुटावर रूलीनची टाच येऊन बसली. नुसती बसली नाही, फिरली.

तिने माझ्यापुढे हात पसरला. मी मुकाट कार्ड दिलं.

"कुलगुरू महोदय, म-मी वाचते."

"प्रथा अशी आहे की पाठराखे..."

"म-माहीत आहे."

तिने कार्ड समोर धरलं. डावा हात मेजावर ठेवला आणि बोटाने ठोका दिला, ठेल्यावर माझ्या तारेचा काप पडायचा तसा. ठोका पडला. 'ड्री' आला नाही. दुसरा ठोका पडला. मान ताठ झाली, हनुवटी वर गेली, डोळे भिंतीवरच्या कुठल्यातरी मेलेल्या प्राध्यापकाकडे वळले. बोट वाजत राहिलं आणि तोंडातून काही म्हणजे काही निघेना.

कुणीतरी खोकलं आणि लगेच पस्तावून गप्प झालं. ओडिंगाबाईंनी चष्मा काढून डोळे मिटले. आई खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तिचे ओठ हलत होते, ड्री, ड्री. माझ्याच अंगात तो शब्द उकळत होता. मी जीभ दातांखाली धरली.

"आपण इंग्रजीतून वाचलंत तरी चालेल," कुलगुरू मायेने म्हणाले.

बिचारे मनाचे भले. पण त्या भलेपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या लांबून ती आली, आणि तुम्ही तिला परत त्याच वळणावर सोडताय!

सगळ्यांनी नजरा खाली घातल्या होत्या. फक्त लेमेन्स तिच्याकडे बघत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं, हात मांडीवर घेतले होते, आणि ते थांबले होते. घाई नाही, कीव नाही. होडी येणारच हे माहीत असलेला माणूस धक्क्यावर थांबतो तसे. मघाशी याच माणसाला मी मनातल्या मनात कालव्यात ढकलून मोकळा झालो होतो.

रूलीनने कार्ड मेजावर ठेवलं. बोटाचे ठोके थांबवले. एक श्वास घेतला आणि सरळ सगळ्या सभागृहाकडे तोंड केलं.

"मी तोतरी आहे," ती म्हणाली. हे वाक्य कुठेही अडलं नाही.

"तुम्हाला ते दिसतंच आहे. पण मी ते आजवर कुणाला स-सांगितलं नाही. लपवत आले. या शब्दाला मी इतकी वर्षं व-वळसे घालतेय. आज थेट जाणार आहे. वेळ लागेल. कुणीही म-मदत करू नका." मग तिची नजर पहिल्या रांगेवर गेली. "आई, ब-बस खाली."

आई धपकन बसली. सभागृह हसलं आणि त्या हसण्याबरोबर सगळ्यांचे अडकलेले श्वासही सुटले.

"ड्-ड्-ड्-ड्-"

आता ती काही लपवत नव्हती. डोळे बाजूला वळवले नाहीत, ओठ दाबले नाहीत. चेहरा वेडावाकडा होत होता तो होऊ दिला. अक्षर दारावर धडका देत होतं आणि ती त्याला देऊ देत होती.

"ड्री."

मागून मासेवाल्याने हुंकार भरला. "ह-हूक्स." तो गरीबच होता, आला. मग 'ऑन'पाशी घसा बंद झाला. ती थांबली, श्वास सोडला, पुन्हा गेली. पुन्हा बंद. पुन्हा गेली.

"ऑ-ऑ-ऑन..."

आणि दार उघडलं. घंटा किणकिणल्या. वीरस्माबाई काठी घेऊन मधल्या वाटेने आल्या, काठी जमिनीवर आपटली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होरा एस्ट!"

ओडिंगाबाईंच्या तोंडून "देवा, सुटलो" असं काहीसं निघालं. परीक्षा संपली होती. आता कुणीही तिला बोल लावू शकत नव्हतं. पदवी तिची होती, घड्याळाने, प्रथेने, चारशे माणसांसमोर तिची सुटका केली होती.

"वेळ झाली," कुलगुरू म्हणाले. "उमेदवार इथे थांबू शकतात."

"न-नाही," रूलीन म्हणाली. "मला माझं वाक्य प-पुरं करायचंय."

अशी परवानगी मागायचीही प्रथा आहे म्हणे. लोक मागतात, दोन शब्द भर्रकन उरकतात आणि संपवतात. कुलगुरूंनी घड्याळाकडे पाहिलं, मग लेमेन्सांकडे.

"मला ते वाक्य ऐकायचंय," लेमेन्स म्हणाले. "सबंध."

वीरस्माबाई वाटेच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांची काठी किंचित हलली, घंटा वाजू लागल्या, तशी त्यांनी चटकन हात वर नेऊन सगळ्या घंटा मुठीत आवळून धरल्या. तशाच उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत.

"ख!" रूलीनने घसा असा खरवडला की पहिल्या रांगेतली माणसं मागे सरली. आमच्या उत्तरेचा ख होता तो, अस्सल. "ल-ल-ल-लेइक." तोंड भरून, न गिळता. मग एक क्षण ती नुसती उभी राहिली. मला वाटलं, अडली. अडली नव्हती. ती हसत होती.

"हेइट."

आणि तिथेही ती थांबली नाही. सिद्धांताचं उरलेलं वाक्य वाचलं. मग म्हणाली, "अतिविद्वान आक्षेपक महोदय, आपला आक्षेप मला ठ-ठाऊक आहे," आणि उत्तर द्यायला लागली. त्या उत्तरात तो शब्द पुन्हा येत होता. तिने तो पुन्हा म्हटला. या वेळी 'ऑन' आपसूक आला आणि 'हूक्स' अडला. पुढच्या वेळी दोन्ही आले आणि तिचा पक्का 'ख'च फिरला. दर वेळी तो वेगळ्याच जागी फुटत होता, आणि दर वेळी ती तो शेवटपर्यंत नेत होती. कुलगुरूंनी अडवलं नाही. प्रथा पार धाब्यावर बसली होती आणि भिंतीवरचे मेलेले प्राध्यापकसुद्धा कान देऊन ऐकत असावेत असं मला वाटलं.

उत्तर संपलं. त्या सभागृहात टाळ्या वाजवत नाहीत, वीरस्माबाईंनी आधी बजावलं होतं. आईने पर्स खाली ठेवली.

"हं!" ती मोठ्याने म्हणाली. "बोलली माझी पोरगी!"

मग मासेवाल्याने टाळी दिली आणि त्यानंतर कुणी कुणाचं ऐकेना. मी तर खांब असल्याचं विसरून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होतो आणि रडत होतो. माझ्या कोटाची काख टर्रकन उसवली. नोर्चे पलीकडून माझ्याकडे बघत हसत होती आणि तीही रडत होती.

लेमेन्स उठून उभे राहिले. टाळ्या थांबायची वाट पाहिली. तो माणूस वाट बघण्यात फारच तरबेज होता. "उमेदवारांचं उत्तर मला पटलं," ते त्या फुंकरीच्या आवाजात म्हणाले. "सगळं नाही. उरलेल्यावर आपण जेवताना भांडू." आणि त्यांनी टोपी काढून तिच्यापुढे मान लववली.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. काळे झगे बाहेर गेले, परत आले, कुलगुरूंनी तिला पहिल्यांदा 'डॉक्टर कोमन' म्हणून हाक मारली, आणि ओडिंगाबाईंनी चार शब्द बोलायचे होते ते दोनच बोलून झाले, कारण त्यांचाच गळा दाटून आला. आज सगळ्यांचेच शब्द अडत होते.

दुपारी आम्ही सगळे कालव्यापलीकडच्या खाणावळीत जमलो. लांब टेबल लावलेलं, गरमागरम तळलेले मांसाचे गोळे, मोहरी, आणि गोंगाट. मावशी कुणालातरी सांगत होती की पोरीत ही जिद्द आजोळाकडून आली. लेमेन्स माझ्या शेजारी बसून दक्षिणेकडचं चीज आमच्यापेक्षा कसं चांगलं हे सिद्ध करायला बघत होते, आणि तो सिद्धांत मी साफ फेटाळून लावला.

वेट्रेस आली. सगळ्यांचं विचारून झालं, मग तिने रूलीनकडे पाहिलं. "आणि डॉक्टरबाईंना?"

"हिला सफर..." आई म्हणाली आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

रूलीन लहान असल्यापासून कुठेही बाहेर गेलं की आई तिच्यासाठी सफरचंदाचा रस मागवते. लग्नं, बारशी, वाढदिवस, सगळीकडे. आई नसली तर मी मागवतो. तिला तो आवडतो, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं.

"क-क-क-क-" रूलीन म्हणाली.

वेट्रेस पेन्सिल धरून थांबली. टेबलाचा गोंगाट खाली आला. मावशी थांबली, मासेवाला हातातला गोळा तोंडापाशी धरून थांबला. मला वाटेल ते सुचत होतं, कॉफी, कोको, कोमट पाणी. मी तोंड मिटून बसलो.

"क-काळी बिअर," रूलीन म्हणाली. "मोठी."

"अगं, पण तुला तर सफरचंदाचा रस आवडतो ना?" आई चकित होऊन म्हणाली.

"क-कधीच नाही आवडला," डॉक्टर रूलीन कोमन म्हणाली. "तो तुम्ही म-मागवायचात."

आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं, असं की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. बिअर आली. रूलीनने अर्धा ग्लास एका दमात रिकामा केला, ओठावरचा फेस हाताने पुसला आणि वेट्रेसला पुन्हा हाक मारली.

"आणि माझ्या भावाला स-स-सफरचंदाचा रस द्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्याचं मीच स-सांगते."

मी निमूट प्यायलो. गुळचट, कोमट, अगदीच भिकार होता.